हिरवळीवरची चादर

"बाई, ही चादर उचला. दहा मिनिटांत पहिली जोडी इथून जाईल."

ग्रिझेल इमरीने चादरीच्या चौथ्या कोपऱ्यावर दगड ठेवला, तो हलत नाही ना ते पाहिलं, आणि मगच मान वर केली. समोर पिटकेथली उभा होता, गोल्फच्या स्पर्धेचा कारभारी. काळा कोट, काखेत छत्री, आणि बुटांना चिखल लागल्याचं दुःख चेहऱ्यावर.

"वाळली की उचलते," ती म्हणाली.

"आज इथे कपडे वाळत घालायचे नाहीत असं ठरलंय. गावातल्या सगळ्या बायकांनी मान्य केलंय."

"मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नाहीच म्हटलं असतं."

ते खरंच होतं. सेंट अँड्र्यूजच्या बायका आजीपणजीपासून याच ओढ्यात कपडे धूत आणि याच हिरवळीवर वाळवत. पुरुष त्याच हिरवळीवर काठ्या घेऊन चेंडूमागे फिरत. दोघांनी एकमेकांना कधी हटकलं नव्हतं. पण आजची गोष्ट निराळी होती. देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा तेरा वर्षांपूर्वी सुरू झाली ती पार पश्चिम किनाऱ्यावर, आणि आजवर तिथेच होत आली. याच गावच्या एका पोराने ती सलग तीनदा जिंकून बक्षिसाचा पट्टा कायमचा घरी आणला, तेव्हा द्यायला बक्षीसच उरलं नाही म्हणून एक वर्ष स्पर्धा झालीच नाही. आता प्रथमच ती इथे आली होती. घरात जावई यावा तसं गाव हरखून गेलं होतं. रस्ते झाडले होते, कुत्री बांधली होती, आणि बायकांना सांगितलं होतं की एक शनिवार तेवढं घरी बसा.

"अगं, एका दिवसाने काय बिघडतं?" शेजारची बेथिया सकाळी तिला म्हणाली होती. "सोमवारी वाळव. नाहीतर चुलीपुढे टाक."

"सोमवारपर्यंत आई राहायच्या नाहीत."

ग्रिझेलची सासू इझोबेल तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती, आणि डॉक्टरने परवाच मान हलवली होती. चादर तिचीच होती. लग्नाच्या वर्षी तिने स्वतः सूत कातून ती विणून घेतली होती. संसारासाठी नव्हे, मेल्यावर अंगाभोवती गुंडाळायला. इथल्या बायका तशी करूनच ठेवतात. दर वसंतात पेटीतून काढायची, धुवायची, उन्हात पांढरी करायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. एक्केचाळीस वर्षं इझोबेलचा हा नेम चुकला नव्हता. यंदा अंगात ताकद नव्हती, आणि पेटीत चादर पिवळी पडली. ग्रिझेलने ती धुतली, तर आठवडाभर पाऊस. आज कुठे ऊन पडलं होतं.

चुलीपुढे वाळवायचं तिने सासूला विचारून पाहिलं होतं. म्हातारीने डोळे वटारले. "धुराचा वास मारणारी चादर गुंडाळून मी देवापुढे जाऊ? माझी चादर गवतावर वाळते. कोणी अडवलं तर माझं नाव सांग."

तर ग्रिझेल आली होती, आणि एकटीच आली होती. लाकडी टब उलटा घालून ती त्यावर बसली.

"मी पोलिसाला बोलावीन," पिटकेथली म्हणाला.

"बोलवा. त्याचे सदरे मीच धुते. भेटायचंच होतं."

जवळ उभी असलेली माणसं हसली. पिटकेथली लाल झाला, पण तेवढ्यात पहिली जोडी आली आणि त्याला पळावं लागलं.

सकाळ तशीच गेली. खेळणारे आले आणि गेले. आठवड्याच्या पावसाने जागोजागी डबकी साचली होती आणि मोठमोठे खेळाडू त्यांत बदकासारखे फिरत होते. कुणी तिच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, कुणी टोपीला हात लावला. लांब कुंपणापाशी गावातल्या बायका उभ्या होत्या. त्यांत बेथियाही होती. कोणी जवळ आलं नाही. ग्रिझेलला वाईट वाटलं आणि रागही आला. मनातून ती घाबरलीही होती, पण ते तिने टबाखाली दाबून ठेवलं. दर तासाला ती चादर उलटत होती. पिवळेपणा हळूहळू उतरत होता.

दुपारी दुसऱ्या फेरीत वॉटी मकेरा आला. हा गावचाच. ग्रिझेलच्या नवऱ्याबरोबर त्याने बड्या लोकांच्या काठ्या वाहिल्या होत्या, आणि नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदाही दिला होता. सकाळच्या फेरीत त्याचा खेळ असा झाला होता की लोक त्याच्यामागे धावत होते. त्याने फटका मारला. चेंडू उंच गेला, वाऱ्यात वळला, डबक्याकाठी आपटला आणि उडून थेट चादरीच्या मधोमध बसला.

पिटकेथली धावत आला. त्याला जणू सणच मिळाला. "बघितलंत? हेच मी सांगत होतो! मकेरा, तू फक्त हरकत घे. चादर इथून हटवतो आणि चेंडू तुला कोरड्या जागी ठेवून देतो."

ग्रिझेल उठली. "नियम तसा नाही."

"तुम्ही मला नियम शिकवणार?"

"माझा नवरा रोज रात्री जेवताना म्हणायचा, मला झोपेतही पाठ आहे. चेंडू कपड्यावर पडला तर कपडा खालून ओढून काढायचा. काढायचा म्हणजे चेंडू खेळेपर्यंत. हिरवळीवरून हाकलायचा असं तुमच्या नियमांच्या वहीत कुठं लिहिलंय ते दाखवा."

पिटकेथलीने वही उघडली नाही. त्याने वॉटीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कोरड्या जागेवरून पुढचा फटका सोपा होता. चादरीखाली मात्र गवत भिजून लगदा झालेलं. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं.

"कुणाची, वहिनी?" वॉटीने विचारलं.

"आईंची."

चादर साधी नाही हे त्याला कळलं. त्याने टोपी काढून खिशात खुपसली. "तुम्ही ते टोक धरा."

दोघांनी चादर अलगद ओढली. चेंडू जरा गडगडला आणि चिखलात अर्धा रुतून बसला. वॉटीने काठी घेतली आणि मारला. चेंडू चिखल उडवत निघाला, ओढ्याच्या काठावर एकदा उडला आणि पाण्यात गेला. गर्दीने एकदम श्वास टाकला.

"वॉटी..." ग्रिझेल पुढे झाली.

"ओढ्यात मी घातला, वहिनी. तुमच्या चादरीने नाही." मग पिटकेथलीकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "माझी काही हरकत नाही. लिहून घ्या हवं तर."

ग्रिझेलने चादर होती तिथेच पुन्हा पसरली. एक कोपरा वाऱ्याने उडाला, तर तो कुणीतरी पकडला. बेथिया होती. तिने दगड ठेवला आणि टबाशेजारी गवतावर बसली.

वॉटी जिंकला नाही. पदक दुसऱ्यानेच नेलं.

घरी चादर उलगडताना ग्रिझेलला डाग दिसला. मधोमध, नाण्याएवढा, गोल. ती साबण आणायला उठली तशी म्हातारीने मनगट धरलं.

"हे काय?"

ग्रिझेलने सगळं सांगितलं. पोलिसाच्या सदऱ्यांपाशी म्हातारी हसली आणि खोकल्याने बेजार झाली. ओढ्याचं ऐकून तिने डागावरून बोट फिरवलं.

"धुऊ नकोस," ती म्हणाली.

"आई, एक्केचाळीस वर्षं पांढरी ठेवलीत."

"म्हणूनच. तिथे वर कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं."

रविवारी रात्री इझोबेल गेली. सोमवारी ओढ्याकाठी नेहमीसारखे कपडे वाळत पडले, जरा जास्तच. त्याच दिवशी बेथिया मदतीला आली. दोघींनी म्हातारीला आंघोळ घातली, केस विंचरले आणि चादर उलगडली.

"डागाची बाजू खाली घेऊ या ना," बेथिया हळूच म्हणाली. "लोक बघायला येतील."

"येऊ देत," ग्रिझेल म्हणाली, आणि तिने चादर फिरवून डाग वर घेतला.