तिसऱ्यांदा आलेली करवत

घरात पहिली करवत आली तेव्हा काकूंच्या मुलीला पहिला दात येत होता. आता त्या मुलीच्या मुलीच्या दातांना तारा लागल्या आहेत, आणि करवती येतच आहेत. हाताने ओढायच्या नव्हेत, पेट्रोलवर चालणाऱ्या, साखळीच्या. कुणाची झाडाखाली चेपलेली, कुणाची पाण्यात बुडालेली, एका शहाण्याने तर स्वतःच्याच गाडीच्या चाकाखाली घातलेली. पोत्यात मुडदा यावा तशा यायच्या आणि काकांच्या मागच्या खोलीतून गुरगुरत बाहेर पडायच्या.

त्या खोलीला दार होतं ते नावापुरतं. काकांचं काम दारात थांबेल तर शपथ. बेअरिंग बसवायची तर ती थंड हवी आणि तिची खोबण गरम, म्हणून बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारांशेजारी आणि इंजिनाचं कवच ओव्हनमध्ये. सिलिंडरला चिकटलेला धातू खरवडायला संडास धुवायचं अ‍ॅसिड. पिस्टन जागच्या जागी धरून ठेवायला प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची, आणि दोरी कुठली? कपडे वाळत घालायची. दर वर्षी ती हातभर आखडायची. काकू म्हणायच्या, "मी मरेपर्यंत एका रुमालापुरती तरी ठेवा हो."

तर अशा त्या घरात, एका सकाळी, फांदी आला. उंच, काटकुळा, झाडं छाटायचं काम करणारा. त्याला आईनेही बहुधा याच नावाने हाक मारली असेल. त्याने करवत ओट्यावर ठेवली आणि मान खाली घातली.

"काका, परत जाम झाली."

काकांनी धुराड्याची जाळी काढून आत विजेरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.

"पेट्रोलमध्ये तेल घातलं नसशील."

"काका, कालवून तुम्हीच दिलं होतंत. त्याच डब्यातलं आहे."

काकांनी जाळी परत बसवली. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाले, "बरं. शेवटची एकदा करतो. पुन्हा आली तर ही हत्यारं तुझी. मी कामाचा बाक आवरला."

दारात पीठ चाळणाऱ्या काकूंचा हात थांबला. काका उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते. काकूंच्या थोरल्या दिरांनी असंच एक दिवस दुकान आवरलं होतं. खुर्चीत बसले ते वर्षभरात खुर्चीसारखेच झाले. पाहुण्यांनी त्यांच्या अंगावर कोट टाकायचंच काय ते बाकी होतं. या माणसाचं तसं झालेलं काकूंना बघवणार नव्हतं.

चार दिवस काका खोलीतून हलले नाहीत. नवा पिस्टन, नवी रिंग, सगळे सील नवे. कुठून हवा घुसत असेल म्हणून अख्खं इंजिन बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले. एकही नाही. पाचव्या दिवशी फांदीला बोलावलं आणि मागच्या अंगणात करवत सुरू केली.

आता इंधन किती सोडायचं ते एका इवल्याशा स्क्रूवर असतं आणि ते कानाने लावायचं असतं. पहिली करवत आली तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "कळतं कसं?" तेव्हा काका म्हणाले होते, "पूर्ण जोरात असताना तिने चूळ भरल्यासारखा आवाज केला पाहिजे. लाकडाला लागली की घसा आपोआप मोकळा होतो. पण हवेतच गायला लागली तर समज, आतून कोरडी जळतेय." तरुण नवऱ्याने काही रसाळ बोलावं तर हा करवतीच्या चुळा सांगत होता! काकू ते विसरल्या नव्हत्या. त्या काहीच विसरत नसत, ही काकांची जुनी तक्रार होती.

काकांनी जोर दिला. करवत चूळ भरू लागली. झालं, काकूंना वाटलं, आता थांबतील. पण काकांनी स्क्रू आणखी आवळला. मान वाकडी करून ऐकलं, पुन्हा आवळला. करवत गाऊ लागली, मग किंचाळू लागली. फांदीने तोंड वाकडं केलं. काका मात्र समाधानाने मान हलवत होते.

आणि काकूंना किटली आठवली.

गेल्या महिन्यात काकांनी किटलीची शिट्टी बिघडली म्हणून ती खोलली होती. शिट्टी चांगली वाजत होती. काकांनी ती घासली, वाकवली, परत बसवली, आणि तरी म्हणत राहिले, "नाही वाजत." काकूंनी तो विनोद समजून मुलीला फोनवर रंगवून सांगितला होता.

"बंद करा!" काकूंनी हात आडवा घातला. "बंद करा आधी, आणि आत या. दोघंही."

"अगं, आता कुठे जमतंय..."

"चहा घेऊ."

"चहा? आत्ता?"

काकूंनी किटलीत पाणी भरलं. गॅसवर किटली चढवली आणि तिघे तिच्याकडे बघत उभे राहिले, जणू ती काही बोलणार होती. तोंडातून वाफ सुटली.

"बघ," काका म्हणाले, "वाफ एवढी आणि आवाज नाही. मी म्हणत होतो ना..."

बोलता बोलता त्यांची नजर फांदीकडे गेली. फांदीने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

"काकू, उतरवा ना ती! डोकं फुटेल!"

काकांनी फांदीकडे पाहिलं. किटलीकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं, तर त्या पदराशी चाळा करत होत्या. काकांनीच हात पुढे करून गॅस बंद केला.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? मला वाटायचं, माझं बोलणंच तुम्ही कानाआड करता. चाळीस वर्षांची सवय."

काका हसले नाहीत. वळून मागच्या खोलीत गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, हत्यारं खणखणली. फांदी कुजबुजला, "काकू, मला नकोत हो ती."  आवरतोय, काकूंना वाटलं. मीच आवरायला लावलं.

काका बाहेर आले. हातात बारीक पेचकस होता.

"फांदी, सुरू कर. आणि तू," ते काकूंना म्हणाले, "इथे उभी राहा. चूळ भरली की खांद्यावर थाप मार."

"मला कुठे येतं ते!"

"येतं. विसरतेस कधी तू काही?"

करवत किंचाळली. काका स्क्रू केसाकेसाने मागे सोडत गेले. किंचाळणं उतरलं, गाणं उतरलं, आणि घोगरी, गुळगुळ चूळ सुरू झाली. काकूंनी थाप मारली ती जरा जोरातच बसली. फांदीने करवत ओंडक्याला लावली. तिचा घसा मोकळा झाला आणि लोण्यातून सुरी जावी तशी ती आरपार गेली. एक तुकडा, दुसरा, दहावा. काकांनी प्लग काढून पाहिला, नीट भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा होता, म्हणजे इंधन बरोबर लागलं होतं. त्यांनी तो काकूंच्या हातावर ठेवला.

फांदी करवत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आणखी दोन आहेत, काका. उद्या आणतो. काकू असतील ना?"

मागच्या खोलीत खिळ्याला, आवाज अडवायला कानांवर घालायच्या जाड टोप्यांची जोडी लटकत होती. चाळीस वर्षांपूर्वी आणलेली, काकांनी एकदाही न घातलेली. काकांनी ती काढली, फुंकर मारली. धुळीचा लोट उठला. फडक्याने पुसून त्यांनी ती काकूंच्या डोक्यावर चढवली, अंबाड्याला अडली तशी मागे सरकवली.

"स्क्रू लागला की लगेच घालायची," ते म्हणाले. "घरात आता एकच जोड उरलाय कानांचा."

"काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.