सासऱ्यांच्या खांद्यावरून छाटणी

आमच्या बागेत आंब्याच्या दोन ओळींत दहा फुटांचं अंतर आणि दोन झाडांत जेमतेम सहा. एवढ्या दाटीत झाड वर जाऊ दिलं की आत ऊन पोचत नाही आणि फळ धरत नाही. म्हणून आंबे उतरले की लगेच छाटणी. ती किती उंचीवर? माझी मुलगी आजोबांच्या खांद्यावर बसून हात वर करते. तिची बोटं टेकतील तिथं माळी कात्री लावतो. ती दोन वर्षांची असल्यापासून हेच माप.

आता ती पाच वर्षांची आहे. झाडंही तिच्याबरोबर वाढली, ओळी वरून एकमेकींत गुंतल्या आणि यंदा फळ निम्म्यावर आलं.

"बाबा, टेप लावू या ना सरळ," नवरा म्हणाला.

"टेपला आंबा तोडता येतो का?" सासरे कडाडले. "घरच्या हाताला येईल तेवढंच झाड!"

माळ्यानं मुलीला नखशिखान्त न्याहाळलं. "झाडांचा दोष नाही, वहिनी. माप वाढतंय. जरा आवरा हिला."

"आवरा काय? मुलगी आहे ती, फांदी नाही!" मी म्हणाले.

सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिच्या ताटातलं अंडं अलगद उचललं. "छाटणीपुरतंच गं," म्हणाल्या. झाडांची वाढ रोखायला मुळाशी ओततात त्या औषधाचा डबा मी कुलपात घातला. तिच्या दुधाचा पहिला घोट मीच घेऊ लागले.

चौथ्या दिवशी मी रिकामं ताट सासऱ्यांपुढे आपटलं. "बाबा, ती वाढणार. रोज दोन अंडी खाऊन वाढणार. कमी व्हायचं असेल तर तुम्ही व्हा!"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी हनुवटी खाजवली. "खरंच की," ते म्हणाले, "खालून कमी करता येईल."

प्रत्येक दोन ओळींमधून दीड वीत खोल चर खणला गेला. त्यातून सासरे चालले, खांद्यावर मुलगी, मागे माळी. तिची बोटं बरोबर जुन्या उंचीवर टेकली. फांद्या धडाधड पडल्या, बुंध्यांवर ऊन आलं.

"पुढच्या वर्षी आणखी अर्धी वीत," सासरे खुशीत म्हणाले.

"आजोबा, मी आईएवढी झाले की तुम्ही दिसाल?"

"टोपी दिसेल की."

मी तिच्यासाठी तिसरं अंडं सोलायला घेतलं.