कोळशावरची मोटार

मित्रांनो, तुळजापूरच्या नाक्यापलीकडं बाभळीखाली पत्र्याचा एक सांगाडा पडला आहे. त्याची चाकं कुणी नेली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त पोलिसांना नाही. तो सांगाडा म्हणजे मी. एके काळी मी जळकोट ते तुळजापूर धावणारी सर्व्हिस मोटार होते. 'धावणारी' हा शब्द सरकारी कागदात असे, म्हणून मीही वापरते.

निजामाच्या राज्यात मी नवी आले तेव्हा पेट्रोल पीत होते. जळकोटच्या बायांनी माझ्या नाकाडाला हळदकुंकू लावलं होतं. भाजीच्या पाट्यावाल्या, कचेरीत हेलपाटे घालणारे, शाळेचे मास्तर, असे रोजचे उतारू मला 'आपली मोटार' म्हणत. मग लांब कुठं तरी लढाई पेटली आणि इकडं माझं पेट्रोल बंद झालं. माझ्या पाठीला एक लोखंडी भट्टी बसवली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, कंडक्टरनं घाम निथळेपर्यंत पंखा फिरवायचा आणि जो गॅस निघेल त्यावर मी चालायचं. सपाटीला मी बरी चाले. चढ आला की मला दम लागे आणि उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. ढकलण्याचे वेगळे पैसे घेत नसत, एवढं मोटार खात्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

ड्रायव्हरशेजारी माझी एक गादीची जागा होती. ती अंमलदारांची. अंमलदार यायचे असले की ते येईपर्यंत मी जागची हलायची नाही, असा रिवाज होता. तो कुठंही लिहिलेला नव्हता, त्यामुळं कधी मोडला गेला नाही. तुळजापूरच्या कोर्टाचे न्यायाधीश, म्हणजे मुन्सिफ, जुम्म्याच्या सुट्टीला नळदुर्गात सासुरवाडीला येत आणि शनिवारी सकाळी त्या गादीवर बसून कोर्टाला जात.

जळकोटच्या चन्नम्माच्या दाव्याची पेशी अशाच एका शनिवारी होती. नवरा गेल्यावर धाकटा दीर वीरप्पा यानं शेत आणि विहीर दोन्ही दाबली होती. ती विहीर चन्नम्मानं नवऱ्याच्या बरोबरीनं खणली होती, डोक्यावरून माती वाहिली होती. ही शेवटची पेशी. पुकारा झाला आणि ती हजर नसली, तर दावा खारीज.

आदल्या दिवशी ऊन कललं तेव्हा मी जळकोटात लिंबाखाली उभी होते. चन्नम्माच्या शेजारी राहणाऱ्या हिंमतरावांचा छकडा तुळजापूरला निघाला होता.

"चला की चन्नम्मा," हिंमतराव म्हणाले, "बैलं हळू चालतेत, पर कुणाची वाट बघत न्हाईत."

चन्नम्मा हसली. "तुमचा छकडा तुम्हाला लखलाभ, अण्णा. माझं हाडन् हाड खिळखिळं करता व्हय? मोटारीत उद्या खुद्द मुन्सिफसाहेब हायेत. त्येंच्याबिगर कोर्ट कुठनं सुरू व्हतंय?"

माझा कंडक्टर उत्तरेश्वर म्हणाला, "लई खरं बोलल्या अक्का. कोर्टच आमच्या मोटारीत बसून जातंय."

मलाही ते पटलं. मला तर अभिमान वाटला. वीरप्पा मात्र त्याच छकड्यात चढून बसला. त्याला न्यायाची घाई होती.

शनिवारी सकाळी आम्ही नळदुर्गात येऊन थांबलो. उतारू खोळंबले. पाट्यांतली मेथी माना टाकू लागली. बंडप्पा ड्रायव्हरनं भोंग्याला हात लावला नाही, कारण साहेब न्याहारी करत होते. ऊन चांगलं तापल्यावर साहेब आले, पान चघळत गादीवर बसले आणि बंडप्पाला म्हणाले, "जल्दी करो, देर हो रही है."

तुळजापूरच्या अलीकडं चढ लागला आणि मी थांबले. सगळे उतरले. साहेब उतरले नाहीत. अंमलदारानं उतरायचं नसतं. चन्नम्मानं पदर कंबरेला खोचला आणि माझ्या तापल्या भट्टीच्या शेजारी खांदा लावला.

"अक्का, तुम्ही राहू द्या," बंडप्पा डोकं बाहेर काढून ओरडला. "भाजाल!"

"गप रे तम्मा! साहेब पोचले तर मी पोचंन. ढकला रे, माझा न्याय आत बसलाय!"

सगळे हसले. मीही जोर केला. मित्रांनो, खोटं सांगत नाही, त्या बाईचा खांदा मला आजही ओळखू येईल. पण आम्ही अर्ध्या चढापर्यंतच पोचलो. तेवढ्यात मागून दारूचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराची मोटार आली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल सरकारला मिळत नसे, गुत्तेदाराला मिळे. ती थांबली. गुत्तेदारानं लवून सलाम केला. साहेब उतरले, मोजड्यांवरची धूळ झटकली आणि पलीकडच्या मऊ बैठकीत जाऊन बसले.

चन्नम्मा धावत गेली. हात काळे, कपाळावर काजळी.

"साहेब, मला बी न्या. मागं पायाशी बसते. माझी पेशी तुमच्याच म्होरं हाय."

साहेबांनी काच थोडी खाली केली. "बाई, मुकदमे की बात अदालत के बाहर नहीं करते," ते म्हणाले. माणूस नियमाला पक्का होता. काच वर गेली.

चन्नम्मानं माझ्याकडं एकदा वळूनही पाहिलं नाही. ती चढानं पळत सुटली. उरलेले लोक ढकलत होते, उत्तरेश्वर पंखा फिरवत होता, आणि मी नुसता धूर सोडत होते. पुष्कळ वेळानं मी कोर्टाच्या कचेरीसमोर पोचले, तेव्हा ती पायरीवर बसली होती. हिंमतराव शेजारी उभे होते.

"काय झालं, अक्का?" बंडप्पानं विचारलं.

तिनं पदरानं कपाळावरची काजळी पुसली. हिंमतरावांनीच सांगितलं, "साहेबांना उशीर झालता. म्हणून पुकारे भराभरा केले. हिचा पहिलाच. वीरप्पा वकिलासंगट हजर. मी उठून म्हणालो, साहेब, बाई वाटंत हाय, तुमचीच मोटार ढकलतीया. तर म्हणले, तुमचा या मुकदम्याशी ताल्लुक काय? बसा खाली."

"मी धापा टाकत गेले तवा कागदावर सही वाळत व्हती," चन्नम्मा म्हणाली. "मला बघितलं त्येनी. वळखलं बी. म्हणले, बाई, अदालत कुणासाठी थांबत न्हाई."

बंडप्पानं माझ्या दाराला टेकून खाली पाहिलं. मोटार त्या माणसासाठी सकाळभर थांबली होती, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. आम्हाला साक्षीला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी चन्नम्मा हिंमतरावांच्या छकड्यातून परत गेली. पुढं ती त्याच विहिरीवर, वीरप्पाला विचारून, घागर भरू लागली.

रोजच्या उतारूंनी मिळून तक्रार केली. खात्यानं ती मनावर घेतली, असं कुणी म्हणू नये की घेतली नाही. एक बडे अंमलदार पाहणीला आले. गादीवर बसून त्यांनी सगळा रस्ता पाहिला, चढावर लोकांनी त्यांना ढकलत नेलं, आणि मग सुधारणा झाल्या. गादीच्या एका जागेच्या दोन झाल्या. माझ्या मागच्या काचेला जाड पडदा लागला, कारण ढकलणाऱ्यांच्या पायांची धूळ पुढं येते असा अहवाल होता. कोळसा मात्र तोच राहिला.

पुढं निजामाचं राज्य गेलं. माझ्यावर नवा रंग चढला, पेट्रोलही आलं. गादीवर बसणाऱ्यांच्या टोप्या बदलल्या. त्यांच्यासाठी थांबायचा रिवाज मात्र मी शेवटपर्यंत पाळला. मग माझे दिवस भरले आणि मला इथं आणून टाकलं.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यातला कुणी ना कुणी त्या गादीवर बसेलच. बसा, माझं काही म्हणणं नाही. फक्त चढ आला, मोटार थांबली आणि मागं माणसांचे आवाज ऐकू आले, तर एवढं करा: पडदा बाजूला सारा आणि खाली उतरा. तुमच्या हातून ढकलणं नाही झालं तरी चालेल. निदान कोण ढकलत होतं, हे कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता येईल.