लांडग्याचा जबडा

झेल्यास्कोने लांडग्याचं लाकडी डोकं माझ्या टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "घे. तुझ्या मोटरला घर केलंय. डबीच्या मापाचं, बरोब्बर."

मी मोटर उचलून घशात बसवायला गेले. अर्धी गेली आणि अडली. डबी बसत होती, पण तिच्या कुशीतून तीन वायरी बाहेर येतात, त्यांच्यासाठी लाकडात सुताएवढीही फट नव्हती.

"उस्ताद, वायरी कुठून काढू?"

"तू मला रिकामी डबी दिली होतीस माप घ्यायला. शेपटीबद्दल काही बोलली नव्हतीस."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर कठपुतळ्यांची डोकी कोरणाऱ्या माणसाला वीज वायरीतून येते हे सांगायला लागतं? त्याने मुद्दाम केलं होतं. डॅन्यूबकाठच्या आमच्या या थिएटरात मोटर नावाची वस्तू शिरू नये, एवढीच त्याची इच्छा होती. पहिल्या दिवसापासून तो म्हणत होता, "बाहुलीला दोरी असते. मोटर खेळण्याला असते."

पण मोटर कुणाच्या हौसेसाठी नव्हती. प्रयोगात लांडगा करायचा रुमेनदादा. वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला. चालायला लागला, बोलायला लागला, पण उजव्या हाताची बोटं काही पुन्हा हलली नाहीत. जबड्याचा खटका त्याच बोटांनी ओढायचा असतो. म्हणून मी ठरवलं, जबडा मोटरने हलेल आणि बटण डाव्या अंगठ्याखाली राहील. रुमेन आणि झेल्यास्को एका गल्लीत वाढलेले, एकाच वर्षी सैन्यात गेलेले. त्या मित्रासाठी या म्हाताऱ्याला नखाएवढी जागा सोडवेना!

"थोडं खरवडा ना आतून," मी म्हटलं.

"तिथे लाकूड पातळ आहे. फुटेल."

"मग पातळ का ठेवलंत?"

"तुझ्या डबीसाठी!"

तो गेल्यावर मी स्वतःच पटाशी घेतली आणि घशाची एक कड जराशी खरवडली. कर्र असा आवाज आला. मी हात थांबवला. खरंच फुटलं असतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, याचा मला आणखीच राग आला.

आता लाकूड हलत नाही तर मोटरच बदलायची. मी डबीचे खालचे स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत सर्किटची छोटी पट्टी असते, तिच्यावर तिन्ही वायरी डाख देऊन चिकटवलेल्या. त्या सोडवायच्या, त्यांच्या जागी बारीक वायरी लावायच्या आणि कुशीतून नाही, तर तळाच्या झाकणाला भोक पाडून सरळ खाली मानेत सोडायच्या. मान पोकळच होती, तिच्यातून काठी जायची.

वायरी सोडवून मी नव्या लावत होते तेवढ्यात झेल्यास्को चष्मा विसरला म्हणून परत आला. चष्मा राहिला बाजूला, त्याने डोकं उचलून घशात बोट घातलं.

"इथे कुणी हात लावला?"

"मी."

"सुताराच्या कामाला तू हात लावलास?"

"तुम्ही माणसाच्या हाताचा विचार केला असतात तर लावावा लागला नसता!"

"मला रुमेनबद्दल तू शिकवणार? काल आलेली पोर!"

"काल? नऊ वर्षं झाली मला इथे!"

भांडता भांडता मी डाख देत राहिले. डोळ्यांपुढे लालच दिसत होतं, वायर कुठली लाल ते दिसलं नाही. मोटर जोडली. एकदा थरथरली, मग जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. लाल आणि तपकिरी उलट लावल्या होत्या.

"बघ," झेल्यास्को म्हणाला, "जिवंत जाळली."

मी डाख द्यायची कांडी अशी फेकली की ती भिंतीला लागून खाली पडली.

"झालं का तुमचं?"

दारात रुमेनदादा उभा होता. एका हातात चीज भरलेल्या बनित्साची पुडी, दुसरा हात खिशात. तो हात हल्ली खिशातच असायचा.

"अख्ख्या जिन्यात ऐकू येतंय. रुमेनचा हात, रुमेनचा हात. ज्याचा हात गेला त्याला कुणी विचारलं? त्स्वेता, तू विचारलंस? झेल्यास्को, तू? इस्पितळात आलास, खिडकीबाहेर बघत बसलास, उठून गेलास. माझ्या हाताकडे एकदा तरी बघितलंस?"

झेल्यास्को टेबलावर चष्मा शोधू लागला.

रुमेनने खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. बोटं आत वळलेली. "बघ. नीट बघ. याने खटका ओढला जात नाही. दोरीही नाही. आणि मला लांडगा करायचाय. अजून काही बोलायचंय?"

झेल्यास्कोचा चेहरा लाल झाला. रडेल की मारेल, मला कळेना. मग त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दुसरी मोटर आहे का?"

"आहे. एकच."

"काढ. मी धरतो. तुझा हात रागात कापतो."

"तुमचा नाही कापत?"

"माझा म्हातारपणाने कापतो. त्याची सवय आहे."

त्याने त्याच्या जाड बोटांत वायरी चिमट्यासारख्या धरल्या. मी डाख दिला. लाल, तपकिरी, नारिंगी, प्रत्येक वेळी मोठ्याने नाव घेऊन. ओढ बसली तर तुटू नयेत म्हणून झाकणाच्या आत गाठ मारली, वरून गोंद सोडला. डबी घशात सरकली. वायरी मानेतून खाली आल्या.

रुमेनने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. जबडा उघडला, मिटला. त्याने लांडग्याचा आवाज काढला, जबडा शब्दामागून आला. पुन्हा काढला, पुन्हा उशीर. "हरामखोरा!" तो लांडग्यावर ओरडला आणि तीच शिवी जबड्याच्या हालचालीत चपखल बसली.

प्रयोगाला मुलं किंचाळली. पहिल्या रांगेतली एक मुलगी आईच्या कोटात शिरली. रुमेन अंगठा आधी दाबायला आणि आवाज मागून सोडायला शिकला होता.

झेल्यास्को विंगेत माझ्या शेजारी उभा होता. "मोटर घरघरते," तो म्हणाला. "दात खाल्ल्यासारखी."

"लांडगा आहे, उस्ताद. खाऊ दे दात."

तो हसला नाही. मीही नाही. कामापुरतं बोलतो आम्ही. पण दर रविवारी तो रुमेनच्या घरी जातो आणि त्याची ती बोटं एकेक करून चोळून देतो, असं रुमेनची बायको सांगते. तेव्हाही दोघं भांडतातच म्हणे.