सत्तावीस अंडी आणि पेन्सिलीच्या रेघा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही एका अंड्यात आहात. गुडघे पोटाशी, शेपूट नाकाशी. शेपूट आहे, कारण अंडं मगरीचं आहे. छान ऊब आहे, अंधार आहे, कुणी अभ्यासाला बस म्हणत नाही. एवढ्यात बाहेरून कुणीतरी येतं आणि तुमचं अख्खं घर उलटं करून ठेवतं. आता डोळे उघडा. ज्या बाईने हे केलं ती मुळीच दुष्ट नव्हती. तिचा सगळा जन्म कोंबड्यांत गेला होता, एवढंच.

तिचा धाकटा भाऊ मगरींच्या केंद्रात उबवणीची खोली सांभाळायचा. त्याची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून केंद्रातले सगळेच तिला आत्या म्हणू लागले. आत्या चार दिवस राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी उबवणीपेटीचा पंखा कुरकुरायला लागला. नवा आणायला भाऊ घाईघाईने निघाला.

"ताई, तासातासाला पारा बघ. एकतीस आणि बत्तीसच्या मध्ये राहू दे."

"म्हणजे पोरगे निघतील का पोरी?"

"ते मागेच ठरलं. अंड्याला ऊब किती मिळते त्यावर ठरतं मगरींत."

"आमच्या कोंबड्या पाऱ्याला विचारून काही करत नाहीत हो," आत्या म्हणाली.

"आणि अंडी हलवू नकोस," भाऊ दारातून ओरडला. "वर्षभराची मेहनत आहे माझी."

आत्याने पारा बघितला. साडेएकतीस. मग पेटीच्या काचेतून अंडी बघितली. ओलसर वाळूत सत्तावीस अंडी, आणि प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीची एक काळी रेघ. तीस वर्षांत तिच्या हातून एकही मळकं अंडं बाजारात गेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या पोराचं नाक वाहताना दिसलं तरी तिचा हात पदराकडे जायचा. तिने फडकं ओलं केलं आणि सत्तावीसही रेघा पुसून टाकल्या. पुसता पुसता, कोंबडी जशी चोचीने अंडं फिरवते तसं प्रत्येक अंडं तिने अर्धं फिरवून ठेवलं. हे तिने ठरवून केलं नाही. हातांना सवय होती, त्यांनीच केलं.

दुपारी भाची शाळेतून आली. इयत्ता तिसरी, दिवसाला साधारण शंभर प्रश्न, म्हणून तिचं नाव चौकशी. तिने काचेला नाक लावलं.

"आत्या, रेघा कुठे गेल्या?"

"पुसल्या. किती मळकी होती अंडी."

"आणि अंडी फिरवलीस?"

"मग, नाही फिरवलं तर पिल्लू कवचाला चिकटत नाही का?"

"मगरीचं पिल्लू चिकटूनच असतं, सुरुवातीला, वरच्या बाजूला. म्हणून तर बाबा रेघ मारतात, वर कुठली ते कळायला. उलटं झालं तर ते गुदमरतं."

आत्या मटकन स्टुलावर बसली.

"मग परत फिरवू?"

"कुठल्या बाजूला?"

सत्तावीस स्वच्छ, पांढरी, सगळीकडून सारखी अंडी. भाऊ येईपर्यंत दोन तास होते.

"मला हलवू नको म्हणाला होता," आत्या पुटपुटली. "पुसू नको म्हणाला नव्हता."

"बाबांना असंच सांगणारेस?"

"नाही. तुझ्या बाबाला मी खरं तेच सांगणार." आणि ती वाळूवर वाकून कोंबडीला बोलवावं तशी हलकेच म्हणाली, "कुक्, कुक्, कुक्. जिवंत आहात का रे?"

"त्यांना कोंबडी कळत नाही, आत्या." चौकशीने घसा साफ केला आणि नाकातून आवाज काढला, "उंक्. उंक्. बाहेर यायची वेळ झाली की पिल्लं अंड्यातूनच असं ओरडतात. मग आई वाळू उकरते."

पेटी गप्प. आत्याने डोळे मिटले.

चौकशीने पुन्हा हाक मारली. या वेळी कोपऱ्यातून, अगदी लांबून कुणी बोलल्यासारखं आलं, "उंक्." मग त्याच्या शेजारून. मग मधून. बघता बघता शाळा सुटावी तसा गलका झाला. खिडकीबाहेर तळ्यातली मोठी मगर पाण्यातून वर आली आणि कुंपणाच्या जाळीला नाक टेकून उभी राहिली. बादली घेऊन येणारा कामगार आला तसा मागे वळला.

भाऊ आला तेव्हा पहिल्या पिल्लाने नाकाच्या टोकावरच्या बारीक टोच्याने कवच फाडलं होतं. आत्याने एका दमात सगळं सांगितलं. भावाने पेटीवर वाकून एकेक आवाज ऐकला.

"हेच पहिल्या महिन्यात केलं असतंस तर आज इथे एकही आवाज नसता," तो म्हणाला. "आता पिल्लं मोठी झालीत, सोसली त्यांनी. तुझं नशीब."

"माझं कसलं, त्यांचं."

संध्याकाळ व्हायच्या आत सव्वीस पिल्लं बाहेर आली. सत्तावीसावं गप्पच राहिलं. भावाने ते दिव्यासमोर धरलं. आरपार उजेड, आत सावली नाही.

"हे पहिल्यापासून पोकळ होतं, ताई. तुझा दोष नाही."

आत्याने मान हलवली, खोलीतल्या बाकावर एका कुशीवर आडवी झाली आणि तिथेच घोरायला लागली.

चौकशीने बाबांच्या खिशातून पेन्सिल काढली, आत्याच्या वरच्या गालावर हळूच एक रेघ मारली आणि कुणी तिला कूस बदलायला लावू नये म्हणून बाकापाशी राखण करत बसली.