मिशीला हात लावण्याआधी

धाकटीचा राग घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण त्या दिवशी तिने केस कापायच्या कात्रीने कागद कापला, यावरून तो किती चढला होता ते समजावं. सलूनच्या कात्रीला कागद दाखवायचा नसतो, धार जाते. एका गिऱ्हाइकाने गप्पांच्या नादात त्या कात्रीने पाकीट फोडलं होतं, तर धाकटीने त्याची अर्धी झालेली हजामत तशीच सोडून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. तीच बाई भर दुपारी दुकानात उभी राहून कचाकचा एक फोटो कापत होती, आणि फोटो होता तिच्या बापाचा.

आता हे झालं कसं, ते पहिल्यापासूनच सांगायला हवं.

दुकान बाबांचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात बेसिन. बाबांचे नियम फार नव्हते, पण एक होता आणि तो मोडलेला त्यांना अजिबात खपत नसे. विचारल्याशिवाय मिशीला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक खुर्चीत घोरत असलं तरी त्याला हलवून उठवायचं आणि विचारायचं, मिशी थोडी घेऊ का? नको म्हणाला तर नको. मिशी वाकडी असेल, विडीने अर्धी जळलेली असेल, तोंड त्याचं आहे. धाकटी हे ऐकत ऐकत धंदा शिकली आणि पुढे दुकान तिनेच सांभाळलं. थोरल्या दादाला या कामात कधी रस नव्हता. तो विमा कंपनीत चिकटला, चांगलं झालं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.

मग बाबांना झटका आला. डावा हात लुळा पडला आणि डावा गाल असा उतरला की ओठाचं टोक खाली ओघळलं. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं काठीवर आलं, चेहरा मात्र आला नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांपुढे आरसा धरला, त्याने घरातल्या आरशावर टॉवेल टाकायला लावला. दुकानात तर पाऊल ठेवायला तयार नाहीत. कसे ठेवणार, तिथे भिंतभर आरसा. धाकटी रविवारी घरीच त्यांची दाढी करायची आणि ते छताकडे बघत बसायचे.

तिला जगात दुसरं काही नको होतं. बाबांनी पुन्हा दुकानात येऊन बसावं, बस्स. काम नको, कात्री नको, नुसतं खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिंगल करावी, पहिल्यासारखी. त्यासाठी तिने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, केस कापायचं मशीन बिघडलंय आणि मला कळत नाहीये असं धडधडीत खोटंही बोलून पाहिलं. बाबा म्हणायचे, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आणि एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "चल."

नेमका त्या दिवशी दादा दुकानात. दादाला फोटोचं वेड लागलेलं होतं. वेड वाईट नाही, माणसाला विरंगुळा हवाच. पण दादाचा छंद म्हणजे सामानाचा छंद. फोनला चिमट्याने लावायच्या लेन्सा, गोल दिवा, तिपाई, हात थरथरला तरी फोन थरथरू न देणारी दांडी, आणि हे सगळं कोंबायला इतके खण असलेली बॅग की कशात काय आहे ते त्यालाच सापडायचं नाही. फोनमधल्या ॲपचं तर विचारूच नका. एक आकाश निळं करणारं, एक मागची माणसं गायब करणारं, एक म्हातारपण पुसणारं. त्याच्यासारख्याच हौशी लोकांचा एक ग्रुप होता. तिथे रोज फोटो टाकायचे आणि एकमेकांची पाठ थोपटायची. त्या आठवड्याचा विषय होता 'कामाची जागा', म्हणून स्वारी सकाळीच तिपाई मांडून बसलेली.

बाबा आले. धाकटीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मुद्दाम दाराकडे तोंड करून ठेवली. थोडा वेळ ते तसेच बसले. मग म्हणाले, "फिरव."

तिने फिरवली. बाबांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाकावर रोज फुकटचा पेपर वाचायला येणारे पोस्टमास्तर, बाबांचे जुने मित्र, त्यांनी पेपर खाली ठेवला.

"एक शटर खाली आलंय," बाबा सावकाश म्हणाले. "पण दुकान चालू आहे."

आणि हसले. उजवा गाल वर गेला, डावा जागचा हलला नाही, एक डोळा बारीक झाला आणि सगळा चेहरा तिरपा झाला. पोस्टमास्तर तर पोट धरून हसले. धाकटी बेसिनकडे वळली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं. मागे दादाचा फोन धडाधड फोटो काढत होता. तिला वाटलं, चला, याचं ते सामान एकदाचं कामी आलं.

त्यानंतर बाबा रोज येऊ लागले. कुणाचं टक्कल, कुणाची रंगवलेली दाढी, कुणी सुटायचं नाही त्यांच्या तावडीतून. धाकटीचं कामातलं लक्ष निम्मं त्यांच्याकडेच असायचं.

मग एका गर्दीच्या सकाळी दादा हे एवढं मोठं चौकोनी काहीतरी काखेत मारून आला. कुणाला काही न विचारता भिंतीला खिळा ठोकला, चौकट टांगली, वरचा कागद फाडला आणि बाजूला झाला. फोटोत बाबा खुर्चीत बसून हसत होते. ओठांची दोन्ही टोकं सारखी, दोन्ही गाल सारखे वर, सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या गेलेल्या. कानावरचे केससुद्धा थोडे काळे केले होते पठ्ठ्याने. दाढीला बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, बरे झालात की तुम्ही." बाकीच्यांनी वा वा केलं.

"ग्रुपवर पहिला आला," दादा म्हणाला. "घासून घासून केलाय. ओठ जुन्या फोटोवरून घेतले."

बाबा काठी टेकत जवळ गेले. ज्याने उभं आयुष्य आरशासमोर काढलं त्याची नजर आधी आरशावरच जाणार. फोटोत खुर्चीच्या बाजूला दुकानाचा आरसा आला होता आणि त्यात अंगठ्याएवढे बाबा दिसत होते. खुर्चीतले बाबा दादाने सरळ केले होते, आरशातले त्याच्या नजरेतून सुटले होते. तिथे ते तिरपे हसत होते, जसे हसले होते तसे. बाबांनी काठी भिंतीला टेकवली, आधी त्या छोट्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग मोठ्यावर ठेवलं. खुंटीवरचा टॉवेल घेऊन त्यांनी डाव्या गालावर धरला आणि धाकटीला म्हणाले, "घरी."

ते पुन्हा आले नाहीत. जेवतानाही टॉवेल सोडेनात. एक हात लुळा, दुसरा टॉवेलात अडकलेला, म्हणून धाकटीने भरवायचं, आणि त्यातला निम्मा घास टॉवेलला लागायचा. रविवारी ती वाटी-ब्रश घेऊन गेली तर मान हलवली. तिच्यापुढे त्यांनी आजवर कधी तोंड झाकलं नव्हतं. तिने वाटी जागेवर ठेवली, दुकानात आली, चौकट खाली उतरवली, फोटो बाहेर ओढला आणि कात्री घेतली. आरशाचा तुकडा तेवढा नीट कापून घेतला. उरलेल्याचे किती तुकडे केले ते तिलाही सांगता आलं नसतं.

तशीच ती दादाच्या घरी गेली. दादा टेबलावर नवी लेन्स पुसत बसला होता. वहिनी भाजी निवडत होती.

"त्या दिवशीचे मूळ फोटो दे," धाकटी म्हणाली.

"मूळ नाहीयेत. ॲप शेवटचा तयार झालेला ठेवतं, बाकीचे उडवून टाकतं. मीच तसं करून ठेवलंय, नाहीतर फोन भरतो."

"सगळे उडवले?"

"सगळे. अगं पण तो चांगला आलाय ना?"

म्हणजे ते हसू गेलं. झटक्यानंतरचं पहिलं हसू, आणि या शहाण्याने जागा होत नाही म्हणून ते पुसलं. धाकटीने तो अंगठ्याएवढा तुकडा त्याच्यासमोर आपटला. "हे कोण आहेत?"

दादाने तो उचलून दिव्याखाली धरला. "अरेच्चा," तो म्हणाला, "आरशातलं राहूनच गेलं माझ्याकडून. थांब, नीट करून देतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या हातातून तुकडा हिसकावून घेतला.

"बाबांना विचारलं होतंस?"

"त्यात काय विचारायचं? त्यांना बरं वाटावं म्हणूनच केलं ना मी."

"आपल्या दुकानात विचारल्याशिवाय परक्याच्या मिशीला कुणी हात लावत नाही, दादा. तू त्याच दुकानावर मोठा झालास. आणि सख्ख्या बापाचं अख्खं तोंड बदललंस आणि चार लोकांत भिंतीला टांगलंस. आता ते टॉवेल धरून जेवतात. ये की, काढ त्याचा फोटो. टाक ग्रुपवर. पहिला येईल."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान वर केली नाही. "बरोबर बोलतायत त्या," एवढंच म्हणाली.

दादाने लेन्स डबीत ठेवली, डबी बंद केली, परत उघडली. "मला बघवत नाही गं," तो म्हणाला. "तो गाल. फोन मध्ये धरला की थोडं तरी बघता येतं."

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती आणखीच भडकली. "तुला बघवत नाही म्हणून त्यांनी तोंड झाकायचं? पुढच्या रविवारी ये घरी. आणि तुझा तो पसारा इथेच ठेवून ये."

रविवारी दादा आला. हातात काही नसलं की हातांचं काय करायचं हेच त्याला सुचत नव्हतं. बाबा खिडकीशी बसले होते, डाव्या गालावर टॉवेल.

"बाबा, टॉवेल काढा ना," दादा म्हणाला.

"कशाला?" झटक्यानंतर बाबा एकेक शब्द सुटा बोलत, त्यामुळे प्रत्येक शब्द पोचायचा. "तुला हा गाल नकोय."

धाकटीने वाटी आणि ब्रश दादाच्या हातात दिला.

"दाढी तू करणार आहेस."

"मी? मला कुठे येतं?"

"तूच करणार आहेस," ती म्हणाली आणि साधा घरगुती रेझर पुढे केला. वस्तरा तिने दिला नाही. ती रागावली होती, वेडी झाली नव्हती.

दादा फेस करायला लागला. केला, पुन्हा केला, मग नुसताच वाटी धरून उभा राहिला. बाबांनी काही वेळ ते बघितलं. धंद्यातल्या माणसाला काही गोष्टी सहनच होत नाहीत.

"फेस वाळतोय, मूर्खा," ते म्हणाले आणि टॉवेल खाली घेतला.

उजवी बाजू कशीबशी झाली. डावीकडे कातडी ताणून धरल्याशिवाय रेझर चालेना. दादाला त्या गालावर अंगठा टेकवावा लागला, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसावी लागली, नाकाला नाक लागेल इतकं वाकून बघावं लागलं. हनुवटीशी त्याचा हात घसरला आणि फेसात लाल रेघ उमटली. बाबा शांत बसून होते.

"लागलं, बाबा," दादा म्हणाला.

"कुठे?"

"इथे. रक्त आलंय."

"त्या बाजूचं मला कळत नाही," बाबा म्हणाले. "करणाऱ्याने बघायचं असतं."

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता, आणि धाकटी दाराशी उभी होती ती पुढे झाली नाही. रडू दे म्हणाली मनात. आजवर तिने एकटीने पाहिलं होतं, आता याने पाहावं. त्याने तसंच बघत बघत हळूहळू गाल पुरा केला.

मग तिने हातातला छोटा आरसा त्याला दिला. तो कसा धरायचा हे तरी त्याला लहानपणापासून पाहून ठाऊक होतं. बाबांनी आरशात पाहिलं. ओघळलेल्या ओठाबरोबर मिशीचं डावं टोकही खाली आलं होतं. दादाची नजर तिथे गेली, बोटही निघालं, आणि वाटेत थांबलं.

"मिशी थोडी सारखी करू का?" त्याने विचारलं.

बाबांनी उजव्या हाताने ते टोक चाचपलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे वाकडी." मग धाकटीकडे वळून म्हणाले, "उद्या मला घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

"नाही जात," ती म्हणाली आणि घरातल्या मोठ्या आरशावरचा टॉवेल ओढून धुण्यात टाकला.

बाबा अजून स्वतःकडे बघत होते. त्यांनी पुरे म्हटलं नव्हतं, म्हणून दादा आरसा तसाच धरून उभा राहिला.