मिठाच्या गोणींची शाल

मित्रांनो, कल्याण स्टेशनात शिरताना दगडी चौथऱ्यावर शेंदरी रंगाची एक ऐसपैस लोखंडी टाकी दिसते ना, ती मीच! जुनी झाले असले तरी उत्साह अजून काठोकाठ भरलेला आहे. मोठमोठी इंजिनं माझ्यापुढे येऊन उभी राहतात आणि चामड्याच्या नळीनं गटागटा पाणी पितात. मग मी तोरा मिरवायचा नाही तर कुणी?

माझे पत्रे विलायतेहून बोटीनं आले. शके अठराशे सहाच्या थंडीत लोहारांनी ते इथंच, रुळांशेजारी जोडले. लालभडक तापवलेली रिबिटं, म्हणजे जाड खिळे, भोकांत घालून असे घण घातले, की स्टेशनभर लोकांच्या कानठळ्या बसल्या. मग विहिरीवरच्या पंपानं पहिलं पाणी चढलं आणि मी आनंदानं घुमले.

माझी देखभाल परशुरामकडे होती. तो मूळचा खाडीकाठच्या मिठागरातला. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या पायांना खोल भेगा पडल्या होत्या. त्यातून कसाबसा सुटून तो इथं लागला होता. दर महिन्याला तो माझ्या पोटात उतरून गाळ काढी, काथ्यानं भिंती घाशी आणि घासता घासता गाणी म्हणे. आत त्याचा आवाज दुप्पट होई, म्हणून तो फार खूश असे.

पहिल्याच चैत्रात माझी फजिती झाली. उन्हानं पत्रे तापले आणि पाणी चुलीवर ठेवल्यासारखं झालं. इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं एक यंत्र असतं, त्याला गरम पाणी ओढताच येत नाही. माझं पाणी पिऊन कसाऱ्याच्या घाटाकडे निघालेली गाडी वाटेतच अडून बसली! रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी कळवलं, की पुन्हा असं झालं तर टाकी भंगारात आणि टाकीवाला घरी. परशुरामला ठाऊक होतं, घरी म्हणजे पुन्हा मिठागरात.

पण गडी मोठा हिकमती. जुन्या ओळखीवर त्यानं मिठागरातल्या रिकाम्या गोणी आणल्या, त्या एकमेकींना शिवल्या, मला चहूबाजूंनी पांघरल्या आणि दिवसातून तीनदा भिजवायला लागला. काय सांगू तुम्हाला! पाणी माठातल्यासारखं गार! ड्रायव्हर मुद्दाम तोंड धुवायला उतरू लागले. स्टेशनमास्तर प्रभाकरपंतांनी परशुरामची पाठ थोपटली. माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. दर चैत्रात ताज्या गोणी येत आणि मी शाल पांघरल्यासारखी ऐटीत बसे.

चौथ्या उन्हाळ्यात मला खाज सुटली. सांध्यांतून पाणी झिरपू लागलं. पण सांगणार कशी? गोणी मुळातच ओल्या, त्यामुळे गळती कुणाला वेगळी दिसेना.

वैशाखातल्या एका दुपारी परशुरामची बायको आवडाबाई त्याची भाकरी घेऊन आली आणि सावलीला माझ्याखाली उभी राहिली. माझा एक थेंब तिच्या ओठावर पडला. तो जिभेनं टिपून तिनं कपाळाला आठी घातली.

"आवो, हिरीचं पानी तं गोडं हाय. मंग ही टाकी खारी कशी?"

परशुरामनं भाकरी तशीच ठेवली. शिडी लावून एक गोणी वर केली, तर खाली गंजाचे पापुद्रे! त्यानं नखानं खरवडलं मात्र, मधला सांधा उसवला आणि चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर आली.

"ज्या मिठानं माझं पाय खाल्लं," तो पुटपुटला, "त्येच मी हिला पांघरलं."

आणि नेमके त्याच दुपारच्या गाडीनं साहेब यायचे होते! प्रभाकरपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीला पाऊण तास होता. गोणी होत्या तशा बसव, वरून साहेबांना काय कळणार, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. बोलणं परशुरामच्या भल्याचंच होतं. त्याची नोकरी वाचली असती. मी मात्र पुढच्या उन्हाळ्यात उभी फाटले असते.

"नाय, पंत," परशुराम म्हणाला. "झाकली तं मरंल ही."

मग जी धांदल उडाली! त्यानं सगळ्या गोणी ओरबाडून काढल्या. आवडाबाई खालून तेलात नि सफेद्याच्या पांढऱ्या लुकणात भिजवलेलं तागाचं सूत देई, तो ते बोथट छिन्नीनं सांध्यात ठोकून बसवी. पाणी तोंडावर उडत होतं, सिग्नल पडला होता, तिकडे शिट्टीही झाली. चिळकांडीचे थेंब झाले, थेंब थांबले आणि इंजिन धापा टाकत समोर आलं! ते पोटभर प्यालं. पाणी अजून गार होतं. माझा जीव भांड्यात पडला.

साहेब उतरले. गंजलेली, ठिगळं लावलेली मी उघडीवाघडी समोर. परशुरामनं एक गोणी पुढे धरली आणि स्वतःच सगळं सांगितलं. पंत ते इंग्रजीत सांगताना अडखळत होते. हे आपणहून कशाला सांगितलंस, असं साहेबांनी विचारलं.

"माझ्या जागी येनारा बी हिला काय तरी पांघरल," परशुराम म्हणाला. "त्याला ठाव पायजे."

साहेबांनी गोणीचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, की दुसरा कुणी यायला नको, हाच राहील.

त्या आठवड्यात गंज धरू नये म्हणून मला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासला. गाडीतले उतारू मला हात जोडू लागले आणि मीही देवासारखी गंभीर बसले! उन्हाळ्यात आता बांबूच्या कामट्यांवर भाताचा पेंढा बांधतात. कामट्यांमुळे मधून वारा खेळतो आणि अंग कोरडं राहतं. दर शनिवारी पेंढा उचलून सांधे तपासतात.

परशुराम आता थकला. त्याच्या जागी विश्राम आला. पहिल्या दिवशी परशुरामनं त्याला शिडीवर चढवलं, माझी ठिगळं एकेक करून बोटानं चाचपायला लावली आणि मगच छिन्नी त्याच्या हाती दिली.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या रांजणाला, हौदाला, टाकीला प्रेमानं पांघरूण घाला. पण ते अधूनमधून उचलून खाली नक्की बघा. आम्हाला दुखतं, पण ओरडता येत नाही.